पास्कलचे दुखणे

ब्लेझ पास्कलचे नाव गणिताच्या पाठ्यपुस्तकांतून परिचित असते. त्याचे दुखणे मात्र तेथे कोठेच येत नाही. फ्रान्समधील क्लेर्माँ येथे १६२३ मध्ये जन्मलेल्या आणि अवघ्या ३९ व्या वर्षी निवर्तलेल्या या पुरुषाने आपले बहुतेक कार्य रुग्णावस्थेतच केले. करवसुलीचे अधिकारी असलेल्या वडिलांची आकडेमोड हलकी व्हावी म्हणून १६४२ पासून तो गणनयंत्र घडविण्याच्या मागे लागला. थोरली बहीण जिल्बेर्त हिने लिहिलेल्या चरित्रानुसार अठराव्या वर्षापासून त्याचा एकही दिवस वेदनेवाचून गेला नाही. असह्य डोकेदुखी, पोटात दाह. एके काळी तर पातळ पदार्थही कोमट करून थेंबाथेंबाने घ्यावे लागत.

२३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री त्याला ईश्वराचा उत्कट अनुभव आला. त्या रात्रीचे टिपण त्याने अंगरख्याच्या अस्तरात शिवून ठेवले होते. ते मृत्यूनंतरच सापडले. त्याच वर्षी तो फर्माशी पत्रव्यवहार करून, अर्धवट राहिलेल्या खेळातील पणाची न्याय्य वाटणी कशी करावी, याचे गणित मांडीत होता. बुद्धी थकली म्हणून श्रद्धा आली, हा सोपा तर्क येथे टिकत नाही.

१६५९ मध्ये प्रकृती पुरती ढासळली. रोगाचा सदुपयोग करण्याची बुद्धी मिळावी, अशी प्रार्थना त्याने लिहिली आहे. तीत तो आरोग्य मागत नाही आणि रोगही मागत नाही. निरोगी असताना आपण आरोग्य वाया घालविले, ही कबुली तीत आहे. आपली यातना ख्रिस्ताच्या यातनेशी जोडली जावी, ही याचना आहे. काटेरी पट्टा अंगावर बांधून देहाला टोचून घेण्याची त्याची रीत मात्र पटण्यासारखी नाही. मूळची व्याधी काय थोडी होती?

परंतु स्वतःच्या वेदनेला त्याने दिलेला हा अर्थ त्याने दुसऱ्याच्या माथी मारला नाही. मार्च १६६२ मध्ये पॅरिसमध्ये ठरावीक मार्गावर, पाच सू भाड्यात धावणाऱ्या सार्वजनिक घोडागाड्या सुरू झाल्या. योजना त्याची होती. (पॅरिसच्या न्यायसभेने सैनिक, नोकरचाकर व मजुरांना त्यांत मज्जाव केला, ही गोष्ट वेगळी.) नफ्यातील आपल्या वाट्यापोटी हजार फ्रँक आगाऊ घेऊन ब्ल्वा येथील दुष्काळग्रस्तांना पाठवावेत, असे त्याने ठरविले. धंद्याचा जम बसेपर्यंत वर्षभर थांबावे, असे त्याला सुचविण्यात आले. पण उपाशी माणसांची गरज वर्षभर थांबणारी नाही, हा त्याचा आग्रह होता. व्यवहार जमला नाही.

त्याच उन्हाळ्यात, त्याने घरी आश्रय दिलेल्या एका गरीब कुटुंबातील मुलाला देवी आल्या. शुश्रूषेसाठी येणाऱ्या बहिणीच्या मुलांना संसर्गाचे भय होते. आजारी मुलाला हलविण्याऐवजी मरणपंथाला लागलेला पास्कल स्वतःच घर सोडून बहिणीकडे गेला. आपली इतकी सेवा होते, तेव्हा एखाद्या दरिद्री रोग्यालाही याच घरात आणून तशीच शुश्रूषा मिळावी, असा हट्ट त्याने धरला. तसा रोगी मिळेना, तेव्हा असाध्य रोग्यांच्या रुग्णालयात आपल्याला न्यावे, म्हणजे गरिबांच्या सोबतीने मरण येईल, असे तो म्हणू लागला. वैद्यांनी हलविण्यास नकार दिला. १९ ऑगस्ट १६६२ रोजी बहिणीच्या घरीच त्याचा अंत झाला.