मलिक अंबर : आमच्या नगराचा जलदाता

औरंगपुऱ्याच्या गजबजलेल्या बाजारातून जाताना आपणांपैकी किती जणांस आठवत असेल की, चारशे वर्षांपूर्वी हा सारा परिसर खडकी नावाच्या एका लहानशा गावाचा होता? त्या खेड्याचे नगर ज्याने केले, तो पुरुष येथला नव्हता, राजकुळातलाही नव्हता. तो बाजारात विकला गेलेला एक गुलाम होता. महोत्सवाच्या ह्या प्रसंगी आपल्या धर्मग्रामाचे पूर्ववृत्त स्मरताना, ज्या नगराने त्यास आश्रय दिला त्याच्या संस्थापकाचेही चरित्र वाचकांपुढे ठेवणे आम्हांस उचित वाटते.

मलिक अंबर यांचा जन्म सुमारे 1548 साली हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात, झाला. त्यांचे मूळचे नाव चापू. लहानपणीच ते गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडले. मीर कासिम नामक बगदादच्या धन्याने त्यांस विद्या शिकविली आणि अंबर हे नाव दिले. पुढे दक्षिणेत अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्यांस विकत घेतले. हा पेशवाही एके काळी गुलामच होता. त्याच्या मृत्यूनंतर अंबर मुक्त झाले, काही काळ विजापूरकरांच्या चाकरीत राहिले आणि हळूहळू त्यांनी स्वतःचे पथक उभे केले.

1600 साली अकबराच्या सैन्याने अहमदनगरचा किल्ला घेतला, तेव्हा निजामशाही बुडाली असेच सर्वांस वाटले. अंबर यांनी मात्र त्याच घराण्यातील मूर्तजा यास परांड्यास गादीवर बसवून राज्य सावरले. डोंगरांचा आसरा घेऊन शत्रूची रसद तोडावी, त्यास थकवावे आणि मग गाठावे, अशी त्यांची युद्धरीती होती. मराठे सरदार त्यांच्या पदरी होते. 1624 साली भातवडीच्या रणात शहाजीराजे त्यांच्या बाजूने लढले. राजांचे बंधू शरीफजी तेथेच धारातीर्थी पडले.

1610 च्या सुमारास त्यांनी खडकीस राजधानी वसविली. 1612 साली उभारलेला भडकल दरवाजा आजही त्याची साक्ष देतो. परंतु नगर केवळ तटांनी वसत नाही. त्यास पाणी लागते, आणि खाम नदी ती लहानशी. अंबर यांनी उत्तरेकडील डोंगराच्या पायथ्याचे भूगर्भातील पाणी जमिनीखालून बांधलेल्या नहरीने गावात आणिले. तीच नहर-ए-अंबरी होय. पाणी उताराने वाहत येई, ठिकठिकाणच्या बंब्यांतून वर चढे आणि हौदांत पडे. रहाट नाही, मोट नाही. केवळ उताराचा नेमका हिशेब!

मोगलांनी 1616 साली खडकी लुटली आणि 1621 साली पुन्हा उद्ध्वस्त केली. दोन्ही वेळा गाव राखेतून उठले. वाडे जळाले तरी जमिनीखालची नहर सहजासहजी जळत नाही, हे येथे ध्यानी घेण्याजोगे आहे. 1626 साली अंबर वारले. खुलताबादेस त्यांची कबर आहे. जहांगीर बादशहाने हयातीत त्यांस शिव्याशाप दिले. पण त्याच्याच दरबारच्या इतिहासकाराने मरणोत्तर त्यांचे शौर्य व कारभार वाखाणला.

मग नावे बदलत गेली. पुत्र फत्तेखान याने नगरास फत्तेनगर म्हटले, 1653 साली औरंगजेबाने औरंगाबाद केले आणि 2023 साली ते छत्रपती संभाजीनगर झाले. पाण्याची विद्या मात्र टिकली. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळील पाणचक्कीची नहर निराळी आहे, परंतु कला तीच: उंचावरून पडणाऱ्या पाण्याने जाते फिरे आणि यात्रेकरूंस व फकिरांस पीठ मिळे. पुढे 1889 साली येथे कापसाची सूतगिरणी व विणकामाची गिरणी निघाली आणि सुमारे 700 माणसांस काम मिळाले. 1900 साली गोदावरी खोऱ्याची आगगाडी आली, तशा सरकी काढण्याच्या गिरण्याही वाढल्या. खेड्यापाड्यांतून आलेल्या कित्येक घरांच्या चुली त्यांवर पेटल्या. तो गिरण्यांचा काळ आता इतिहासजमा झाला आहे.

आता नगरास जायकवाडीचे पाणी येते आणि जुन्या नहरी बऱ्याच ठिकाणी बुजल्या, फुटल्या आहेत. ज्याचे स्वतःचे घर बालपणीच हिरावले गेले, त्याने परक्या लाखोंसाठी घर बांधिले व त्यांची तहान भागविली. त्या पाण्याने कोणाची जात वा धर्म विचारला नाही. आपण त्याच नगरात सुखाने नांदतो. तेव्हा जी नहर उरली आहे ती राखणे, तिच्या तोंडाशी केरकचरा न टाकणे आणि आपल्या मुलांस तिचा पत्ता दाखविणे, एवढे तरी आपणांकडून व्हावे, अशी आमची नम्र विनंती आहे.