जंगलाच्या विसाव्याचा हिशेब : डॉ. अलेक्झांडर गिब्सन

गणेशपूजनात एकवीस पत्रींचा मान असतो. ही पत्री देणारी रानेवने राखण्याचे काम मुंबई इलाख्यात ज्यांच्या हाती सर्वप्रथम आले, त्या डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची ओळख आम्ही यंदा वाचकांना करून देत आहोत. आपला बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबईकडेच होता, त्यामुळे हे चरित्र आपल्या डोंगरांचेही आहे.

गिब्सन यांचा जन्म १८०० साली स्कॉटलंडमध्ये झाला. वैद्यकीचे शिक्षण घेऊन ते ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आले. मराठी, हिंदुस्थानी आणि गुजराती या भाषा त्यांनी आत्मसात केल्या. दख्खन आणि खानदेशात देवी टोचण्याच्या कामावर ते होते. या फिरतीत झाडे पाहण्याचा छंद जडला आणि तोच पुढे पेशा झाला. १८३८ मध्ये पुण्याजवळच्या दापोडी येथील सरकारी वनस्पती उद्यान त्यांच्याकडे आले. जुन्नरजवळ हिवरे येथे त्यांनी औषधी वनस्पतींची बाग सांभाळली. दापोडीत एका देशी चित्रकाराकडून त्यांनी झाडाफुलांची सुरेख चित्रे काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपलेली आहेत. चित्रकाराचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

१८४७ मध्ये ते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. त्या काळी मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजे बांधली जात आणि किनाऱ्याजवळचा साग झपाट्याने संपत होता. डोंगर उघडे पडले की झरे आटतात, माती वाहून येऊन खाड्या भरतात आणि शेवटी माणसांना गाव सोडावे लागते, हे त्यांनी सरकारला पुन्हा पुन्हा कळवले. झाड आणि पाणी यांचे नाते आज शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. पण महसुलावर डोळा असलेल्या कंपनी सरकारला ते पटवून देणे सोपे नव्हते.

त्यांचा दुसरा रोख कुमरी शेतीवर होता. खानापूर-जोयडा पट्ट्यातील कुणबी आणि कुमरी मराठे डोंगरउतारावरचा जंगलाचा तुकडा तोडून जाळत, राखेत नाचणी पेरत, एक-दोन पिके घेत आणि ती जागा बारा-पंधरा वर्षे सोडून देत. गिब्सन यांना यात जंगलाची नासाडी दिसे. पुढे कुमरीवर निर्बंध येत गेले. गोदीची आणि १८५३ नंतर रेल्वेची लाकडाची मागणी मात्र चालूच राहिली. चूल विझली ती डोंगरातल्या गरिबाची.

मग खरे कोणाचे? तोडलेले जंगल कसे सावरते, हे आता पुष्कळ कळले आहे. ऐन, किंजळ, साग यांचे बुंधे जमिनीत जिवंत राहिले तर पहिल्याच पावसाळ्यात धुमारे फुटतात. चांदाड्यासारखी उन्हात वाढणारी झाडे आधी येतात. त्यांच्या सावलीत पाखरांनी आणि वटवाघळांनी आणलेले बी रुजते. २०२१ साली अमेरिका खंड आणि पश्चिम आफ्रिकेतील ७७ ठिकाणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार मातीचा कस दहा वर्षांच्या आत परत येतो आणि वीस वर्षांत एकूण सरासरी ७८ टक्के भरपाई होते. पण मूळ झाडांचा मेळ जमायला शंभराहून अधिक वर्षे लागतात.

हा हिशेब आपल्याकडे जसाच्या तसा लागू होईल असे नाही. तरी त्यावरून एवढे दिसते की, बारा-पंधरा वर्षांचा विसावा मातीला पुरत होता, म्हणजे कुमरीवाल्याचा अनुभव खोटा नव्हता. जुन्या वृक्षराजीला मात्र तो पुरत नव्हता, म्हणजे गिब्सन यांची भीतीही खोटी नव्हती. विसावा कमी झाला की तिथे करवंदीची जाळी, घाणेरी आणि रानमोडीच उरते.

गिब्सन १८६० मध्ये निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी डाल्झेल यांच्यासह त्यांनी लिहिलेला मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८६७ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांनी उभा केलेला प्रश्न अजून मिटलेला नाही. भीमगड अभयारण्यातल्या वाड्यांच्या पुनर्वसनाची चर्चा आपण ऐकतोच. काकतीजवळून वाहणारी मार्कंडेय पश्चिमेच्या डोंगरातूनच येते, तेव्हा जंगलाला विसावा हवाच, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. मात्र त्या विसाव्याची किंमत एकट्या रानातल्या माणसाने मोजायची आणि पाणी आपण सर्वांनी प्यायचे, हा न्याय नव्हे. त्या माणसाला योग्य मोबदला, जमीन आणि मान मिळाला, तरच राखलेले जंगल खऱ्या अर्थाने सर्वांचे होईल.