आर्थर होम्स : खंडांखालच्या उष्णतेचा अभ्यासक

थोर भूवैज्ञानिक आर्थर होम्स यांचा जन्म १४ जानेवारी १८९० रोजी उत्तर इंग्लंडमधील गेट्सहेड परिसरात एका सामान्य कुटुंबात झाला. शिष्यवृत्तीच्या आधारे ते लंडनला शिकावयास गेले. युरेनियमचे शिशात अत्यंत मंद गतीने रूपांतर होते. त्या दोहोंचे प्रमाण मोजून १९११ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी नॉर्वेतील एका खडकाचे वय ३७ कोटी वर्षे असल्याचे दाखविले.

ज्ञान मिळाले, पण पोटाचा प्रश्न सुटला नव्हता. खनिजांच्या शोधासाठी ते मोझांबिकला गेले आणि हिवतापाने मरणाच्या दारातून परतले. पुढे ब्रह्मदेशातील तेल कंपनीत नोकरी धरली. ती कंपनी बुडाली आणि लहानगा मुलगाही तेथेच आमांशाने दगावला. अखेर १९२४ मध्ये डरहॅम विद्यापीठाने त्यांच्यावर नवा भूविज्ञान विभाग उभारण्याची जबाबदारी सोपविली.

खंड सरकतात, हा आल्फ्रेड वेगेनर यांचा विचार त्या काळी बहुतेक विद्वानांनी झिडकारला होता. कारण एवढे अवजड खंड हलविणारी शक्ती कोणती, याचे उत्तर नव्हते. होम्स यांनी ते किरणोत्सर्गी उष्णतेत शोधले. १९२८ मध्ये ग्लासगो येथे त्यांनी आपली कल्पना मांडली. भूकवचाखालील प्रावरण घन असले, तरी कोट्यवधी वर्षांच्या अवधीत ते संथपणे वाहते. विशाल खंडाच्या पांघरुणाखाली उष्णता साचते. चुलीवरच्या पातेल्यातील पाण्याप्रमाणे तप्त द्रव्य वर येते, दोन्ही बाजूंस पसरते आणि वरचा खंड ताणून फाडते. त्या भेगांतून लाव्हा उसळतो व मध्ये नवा महासागर जन्म घेतो.

आपल्या मध्य भारतातील गोंडांच्या भूमीवरून ज्याला नाव मिळाले, तो गोंडवन महाखंडही असाच दुभंगला. त्याच्या विघटनाच्या आरंभकाळी, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी, दक्षिण आफ्रिकेच्या कारू प्रदेशात ओतलेले लाव्ह्याचे थर आजही पाहावयास मिळतात.

१९४४ मधील आपल्या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकाच्या शेवटी होम्स यांनी ही कल्पना पुन्हा मांडली. परंतु पुराव्याअभावी तिला सिद्धान्त म्हणण्याचे त्यांनी कटाक्षाने टाळले. सागरतळाच्या संशोधनातून खंड सरकत असल्याचे भक्कम पुरावे १९६० च्या दशकात मिळू लागले, तेव्हा ते सत्तरी ओलांडून गेले होते. १९६४ मध्ये त्यांना व्हेटलेसन पारितोषिक लाभले आणि २० सप्टेंबर १९६५ रोजी त्यांचे निधन झाले.

उपहासाने ते खचले नाहीत आणि पुरावा हाती येण्यापूर्वी विजयाची घोषणाही त्यांनी केली नाही. अभ्यासाच्या वाटेवर निघालेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने हा संयम त्यांच्यापासून घ्यावा.