झोळी, आगगाडी आणि पाली: धर्मानंद कोसंबी यांची भ्रमंती

परदेश पाहण्यासाठी परदेशी जाणारे पुष्कळ असतात. धर्मानंद दामोदर कोसंबी मात्र एक धर्म मूळ भाषेत वाचायला मिळावा म्हणून घराबाहेर पडले. त्यासाठी काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश, अमेरिका आणि रशिया असा फेरा त्यांना घालावा लागला. खिशात पैसे नसताना, कधी आगगाडीच्या गर्दीत तर कधी अनवाणी, मिळेल त्या सोबत्याबरोबर त्यांनी हा प्रवास केला. पाठीवर पिशवी टाकून देशोदेशी हिंडणाऱ्या आजच्या तरुणांना हा पूर्वज आपला वाटायला हरकत नाही. फरक इतकाच, की परतीचे तिकीट त्यांच्याजवळ कधीच नसे.

त्यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सासष्टी भागातल्या सांखवाळ या गावी झाला. प्रकृती लहानपणापासून नाजूक, शिक्षण तुटपुंजे आणि दिवस नारळी-पोफळीच्या बागायतीची देखरेख करण्यात जात असलेले. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास बालाबाईंशी विवाह झाला. अशा संथ आयुष्यात विनायक कोंडदेव ओक यांच्या ‘बालबोध’ मासिकाचा एक अंक हाती पडला. त्यातल्या बुद्धचरित्रावरील लेखाने या तरुणाला झपाटून टाकले. लहान मुलांच्या मासिकातल्या एका लेखाने एखाद्या माणसाला अर्ध्या पृथ्वीची वाट तुडवायला लावावी, हे मराठी नियतकालिकांच्या इतिहासातले एक आश्चर्यच म्हणायला हवे.

१८८८ मध्ये मुरगाव बंदर लोहमार्गाने ब्रिटिश मुलखाशी जोडले गेले होते आणि हा मार्ग सांखवाळजवळूनच जात होता. बाहेरचे जग असे दाराशी आलेले असले तरी दार ओलांडणे सोपे नव्हते. १८९९ मध्ये थोरली मुलगी माणिक जन्मली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कोसंबी घर सोडून पुण्याला निघाले. तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. पत्नी आणि तान्हे मूल मागे ठेवून केलेल्या या प्रस्थानाला वैराग्य म्हणावे की बेजबाबदारी, हा प्रश्न त्यांच्या चरित्रातून वजा करता येत नाही. सिद्धार्थाच्या गृहत्यागाची आठवण काढून तो सोडवणेही बरोबर नाही. सिद्धार्थाच्या घरी राजवाडा होता. कोसंबींच्या घरी उतरती कळा लागलेली बागायत होती. त्यांनी स्वतः ‘निवेदन’ या आत्मचरित्रात ही टोचणी लपवलेली नाही. मराठीतील मोजक्या प्रांजळ आत्मचरित्रांत त्याची गणना होते ती यामुळेच.

पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट झाली. पण संस्कृत पक्के करायचे तर काशी गाठायला हवी होती. ग्वाल्हेरच्या वाटेने ते १९०० मध्ये काशीस पोहोचले. तेथे शास्त्र्यांच्या पायाशी बसून अध्ययन, अन्नछत्रातले जेवण आणि अंगावर बेताचीच वस्त्रे, असा क्रम पुढे दीड-दोन वर्षे चालला. बुद्धाने पहिला उपदेश केला ते सारनाथ हाकेच्या अंतरावर होते. पण बौद्ध धर्म शिकवणारा गुरू मात्र त्या विद्यानगरीत मिळत नव्हता.

नेपाळात बौद्ध धर्म अजून जिवंत आहे, असे कानावर होते. १९०२ च्या आरंभी एका नेपाळी सहाध्यायाला सोबत घेऊन कोसंबी काठमांडूस निघाले. त्या काळी आगगाडी फार तर सरहद्दीपर्यंत नेत असे. पुढे तराईचे अरण्य, मग भीमफेदी, चिसापानी गढी, चंद्रागिरी अशा चढणी. आणि हे सारे पायांनीच उरकायचे. महाशिवरात्रीला पशुपतिनाथाच्या दर्शनासाठी यात्रेकरूंची रीघ लागे, त्यामुळे एरवी परक्यांना बंद असलेले ते राज्य त्या दिवसांत थोडे सैल होई. जन्मापासून समुद्रकाठी राहिलेल्या, अशक्त प्रकृतीच्या माणसाने ही चाल केली ती निव्वळ ध्यासाच्या बळावर. काठमांडूत पदरी पडली ती निराशाच. तेथील बौद्ध आचारात त्यांच्या मनातला बुद्ध त्यांना दिसला नाही. बळी, कर्मकांड आणि देवघेव यांचा बाजार पाहून ते फार न थांबता परतले. नेपाळच्या परंपरेला तिची स्वतःची बाजू होती आणि कोसंबींचा निवाडा घाईचा होता, असे आजच्या अभ्यासकांना वाटू शकेल. परंतु त्या घाईनेच त्यांना योग्य दिशेला ढकलले.

ती दिशा बोधगयेत कळली. पाली शिकायची तर सिंहलद्वीपास जा, असा सल्ला तेथील एका भिक्षूने दिला. मग कलकत्ता आणि महाबोधी सभेच्या मंडळींची मदत घेत उपखंडाच्या दक्षिण टोकापर्यंतचा लांब पल्ला. रामेश्वरकडून सिंहलद्वीपाला जोडणारी गाडी-बोटीची सोय १९१४ मध्ये झाली. त्यापूर्वी तुतिकोरिन बंदरातून बोट धरणे हाच सरळ मार्ग होता. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांनी या मराठी विद्यार्थ्याला आश्रय दिला आणि १९०२ मध्येच त्याला प्रव्रज्या दिली. ‘बालबोध’च्या पानांवर सुरू झालेला शोध अखेर मूळ ग्रंथांपाशी आला.

यानंतरची चार वर्षे हा त्यांच्या भ्रमंतीचा सर्वांत समृद्ध काळ. सिंहली अन्नाने प्रकृती बिघडली तेव्हा ते मद्रासेस आले. तेथे प्राध्यापक लक्ष्मी नरसू आणि पुढे कामगार पुढारी म्हणून गाजलेले सिंगारवेलू यांच्यासारखी माणसे भेटली. तेथून ब्रह्मदेश. रंगूनमध्ये त्यांची गाठ एका जर्मन भिक्षूशी पडली. पूर्वाश्रमीचा हा व्हायोलिनवादक आंतोन ग्युएट, पुढे ज्ञानतिलोक या नावाने जगभर मान्यता पावलेला पाली पंडित. एक गोव्याचा, दुसरा जर्मनीचा. दोघेही घर सोडून आलेले आणि एकाच ग्रंथसंपदेच्या ओढीने बांधले गेलेले. दोघे मिळून उत्तर ब्रह्मदेशात गेले आणि सगाईंगच्या डोंगरांतील गुहेत ध्यानाभ्यासाला बसले. भिक्षूला पैशाला हात लावता येत नाही. तिकीट कोणी काढून दिले तर गाडी, नाहीतर पाय. सकाळी भिक्षापात्रात पडेल ते दुपारपूर्वी खायचे आणि पुढची वाट धरायची. याच नियमांनिशी कोसंबींनी मधल्या काळात भारतात येऊन कुशीनगर, लुंबिनी, श्रावस्ती, राजगृह ही बुद्धाची स्थळे पाहिली. पुढे त्यांनी ‘भगवान बुद्ध’ लिहिले तेव्हा त्यातला बुद्ध चमत्कार करणारा अवतार न राहता धूळभरल्या रस्त्यांनी हिंडणारा माणूस झाला. लेखकाने ते रस्ते स्वतः चालून पाहिले होते.

१९०६ मध्ये कलकत्त्यास परतल्यावर त्यांनी चीवर उतरवले. शिकलेले शिकवायचे तर गृहस्थ होऊन राहणे भाग आहे, हा विचार त्यामागे होता. तेथे राष्ट्रीय महाविद्यालयात आणि हरिनाथ दे यांच्या खटपटीने विद्यापीठात पालीचे अध्यापन मिळाले. मग ते गोव्यास गेले आणि बालाबाई व माणिक यांना घेऊन आले. जवळजवळ सात वर्षांनी ते कुटुंब एकत्र आले. त्या सात वर्षांचा हिशेब बालाबाईंनी कधी लिहून ठेवला नाही. १९०७ मध्ये मुलगा झाला. तोच पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून विख्यात झालेला दामोदर धर्मानंद कोसंबी.

महाराष्ट्रात राहून पालीचा प्रसार करावा या अटीवर सयाजीराव गायकवाडांनी महिना पन्नास रुपये देऊ केले, तेव्हा कोसंबींनी कलकत्त्याच्या अधिक पगाराकडे पाठ फिरवली. पण पायांना स्वस्थता नव्हतीच. हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स वुड्स यांच्या निमंत्रणावरून ते १९१० मध्ये अमेरिकेस गेले. बुद्धघोषाच्या ‘विशुद्धिमार्ग’ या ग्रंथाची हेन्री वॉरन यांनी अर्धवट सोडलेली संपादित प्रत त्यांना सिद्ध करायची होती. श्रेयाच्या प्रश्नावरून चार्ल्स लॅनमन यांच्याशी मतभेद झाले आणि ते १९१२ मध्ये परत आले. पुढची सहा वर्षे फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकवली. १९१८ मध्ये ते पुन्हा हार्वर्डला गेले, या वेळी माणिक आणि दामोदर यांना घेऊन. माणिक तेथील रॅडक्लिफ महाविद्यालयातून पदवीधर झाली. ज्या मुलीला तान्हेपणी टाकून बाप निघून गेला होता, तिलाच तो समुद्रापार शिकायला घेऊन गेला. बालाबाई मात्र धाकट्या मुलींसह मागेच राहिल्या.

वुड्स यांचा स्नेह टिकला आणि त्या ग्रंथासाठी कोसंबींनी अमेरिकेच्या एकूण चार वाऱ्या केल्या. मधल्या काळात, १९२९ मध्ये, लेनिनग्राडच्या विद्वानांचे बोलावणे आले. तेथील थंडीने प्रकृती खचवली आणि १९३० मध्ये परतताच ते मिठाच्या सत्याग्रहात उतरले. शिरोड्याच्या मिठागरांवर, आपल्या जन्मभूमीपासून थोड्याच अंतरावर, या जगप्रवाशाने कायदा मोडला आणि तुरुंग पाहिला. परळच्या कामगारवस्तीत उभारलेला ‘बहुजन विहार’ हा त्यानंतरचा टप्पा.

वार्धक्यात व्याधींनी गाठल्यावर त्यांनी अन्न वर्ज्य करून देह ठेवण्याचे ठरवले. गांधीजींनी एकदा त्यांना परावृत्तही केले होते. अखेर सेवाग्राम आश्रमात ४ जून १९४७ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या ग्रंथासाठी चार वेळा अमेरिका गाठली, तो ‘विशुद्धिमार्ग’ हार्वर्ड प्राच्य ग्रंथमालेत १९५० साली प्रसिद्ध झाला. त्याची देवनागरी आवृत्ती मात्र १९४० मध्येच मुंबईत भारतीय विद्या भवनाने काढली होती आणि ती त्यांनी डोळ्यांनी पाहिली.