डॉ. कमलाबाई सोहोनी

रिठदच्या काळ्या रानांत उभें असलेलें तुरीचें रोप मुळांवाटे जमिनींतील क्षार घेतें, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. मातींत क्षार थोडा व मुळाच्या पेशींत अधिक असला, तरीहि तो आंत ओढला जातो. विहिरींतील पाणी वर आणावयास जशी मोट वा पंप लागतो, तशीच येथेंहि शक्ति लागते. ती पेशीस कशी मिळते, हें कोडें उकलण्यास ज्यांनीं हातभार लावला, त्यांत एक महाराष्ट्रीय विदुषी होती. तिचें अल्प चरित्र आम्ही येथें देत आहों.

कमलाबाई, माहेरच्या भागवत, यांचा जन्म १९११ सालीं इंदूर येथें झाला. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेहि रसायनशास्त्रज्ञ; प्रसिद्ध लेखिका दुर्गाबाई भागवत ह्या त्यांच्या भगिनी. १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनीं बंगळूरच्या विज्ञानसंस्थेकडे अर्ज केला. तेथील संचालक सर चंद्रशेखर रामन् यांनीं केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई स्वस्थ बसल्या नाहींत. समक्ष जाऊन त्यांनीं न्याय मागितला. शेवटीं वर्षभराच्या कसोटीची अट घालून त्यांस घेण्यांत आलें. गुरु श्रीनिवासय्या यांच्या हाताखालीं दूध व कडधान्यें यांतील प्रथिनांवर त्यांनीं असें काम केलें कीं, पुढें तें दार इतर मुलींसहि खुलें झालें.

नंतर केंब्रिज येथें बटाट्यावर प्रयोग करून वनस्पतींच्या पेशींतहि सायटोक्रोम-सी हें द्रव्य असतें, असें त्यांनीं दाखविलें व १९३९ सालीं डॉक्टरेट मिळविली. पेशींतील सूक्ष्म कणिकांच्या पटलाशीं राहून हें द्रव्य इलेक्ट्रॉनांची ने-आण करतें. त्यांतून लाभणाऱ्या शक्तीनें हायड्रोजनचे आयन पटलापलीकडे ढकलले जातात आणि ते परततांना एटीपी नांवाचें इंधन तयार होतें, असा सिद्धांत पीटर मिचेल यांनीं १९६१ सालीं मांडला. ह्याच इंधनावर पेशीपटलांतील पंप चालतात व क्षार आंत येतो.

स्वदेशीं परतून कमलाबाईंनीं दिल्ली, कुन्नूर व मुंबई येथें अध्यापन व संशोधन केलें. गोरगरिबांच्या पोषणासाठीं नीरेचा अभ्यास करून त्यांनीं राष्ट्रपति-पारितोषिक संपादिलें. १९९८ सालीं त्या निवर्तल्या.

जें पोषक आहे तें आंत घेण्यासाठीं पेशी आपली शक्ति खर्च करते, म्हणूनच रोप वाढतें. पालकहो, आपली कन्या प्रयोगशाळेच्या दाराशीं उभी राहील, तेव्हां तिला आंत धाडण्यास कां कूं करूं नका, एवढीच आमची विनंति आहे.