डाग आणि दाखला : प्रा. त्रिभुवनदास गज्जर

राजमहाल रस्त्याने जाता-येता कलाभवनाची वास्तू आपण सर्व बडोदेकरांनी पाहिली आहे. कलाभवनाचे नाव निघाले की श्रीमंत सयाजीराव महाराजांचे स्मरण होते, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या तरुण प्राध्यापकाने या संस्थेचा ध्यास घेतला आणि तिला आकार दिला, त्या त्रिभुवनदास कल्याणदास गज्जरांचे नाव आज फारसे कोणी घेत नाही. ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त त्यांचे चरित्र थोडक्यात सांगावे, असे वाटण्यास आणखी एक कारण आहे. जुन्या वस्तूंवर उरलेल्या लेपांचे, डागांचे आणि खरकट्याचे रासायनिक परीक्षण ही आज पुरातत्त्वविद्येची एक महत्त्वाची शाखा झाली आहे. त्या शाखेशी गज्जरांचा प्रत्यक्ष संबंध नव्हता. तरीही ज्या प्रश्नावर ती उभी आहे, त्याला त्यांनी एकदा साऱ्या मुंबईच्या देखत तोंड दिले होते.

गज्जरांचा जन्म ३ ऑगस्ट १८६३ रोजी सुरतेत एका सुतार घराण्यात झाला. गज्जर हे आडनावही हातात गज घेऊन मोजमाप करणाऱ्या कारागिराची आठवण देणारे आहे. लाकडाचा गंध आणि हत्यारांचा नाद यांच्या संगतीत वाढलेला हा मुलगा मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकला. शिकलेल्या माणसाने कारकुनी किंवा वकिली करावी असा तो काळ होता. गज्जरांच्या मनात मात्र एकच गोष्ट घोळत होती. कारागिराजवळ हात आहे पण शास्त्र नाही, आणि विद्वानाजवळ शास्त्र आहे पण हात नाही. या दोघांची गाठ कशी घालावी?

बडोदा कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक म्हणून ते आले आणि त्यांना सयाजीराव महाराजांसारखा गुणग्राहक राजा लाभला. १८९० साली कलाभवन सुरू झाले. चित्रकला, वास्तुविद्या, यंत्रविद्या, विणकाम आणि रंगकाम असे विषय तेथे शिकवले जाऊ लागले. पुढे भारतीय चित्रपटाचे जनक ठरलेले दादासाहेब फाळके हे कलाभवनाच्या आरंभीच्या विद्यार्थ्यांपैकीच. या संस्थेचा सर्वांत धाडसी विशेष म्हणजे शिक्षणाचे माध्यम. सुताराच्या, रंगाऱ्याच्या आणि विणकराच्या मुलाला रसायन आणि यंत्रशास्त्र त्याच्याच भाषेत समजले पाहिजे, असा गज्जरांचा आग्रह होता. देशी भाषांत शास्त्रीय ग्रंथ तयार व्हावेत म्हणून महाराजांनी ५०,००० रुपये मंजूर केले. त्यातून ग्रंथमाला निघाली आणि पारिभाषिक शब्दांचा कोश करण्याचे कामही गज्जरांनी हाती घेतले. रंगविद्येला वाहिलेले 'रंगरहस्य' हे नियतकालिकही त्यांनीच काढले.

रंगकाम हा त्यांचा आवडता विषय. परदेशी कृत्रिम रंग बाजारात येत होते आणि देशी रंगारी गोंधळून गेला होता. रंग कपड्याला का धरतो, कोणता रंग धुण्यात जातो, कोणता उन्हात उडतो, हे कळल्याशिवाय त्याचा निभाव लागणार नव्हता. पदार्थ पदार्थाला का धरून राहतो, हे ज्याला समजले, त्याला तो कसा सुटेल हेही समजू शकते. रंगाऱ्याचे हे ज्ञान गज्जरांना लवकरच एका अनपेक्षित ठिकाणी उपयोगी पडले.

मुंबईच्या फोर्ट भागात व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी बैठा पुतळा होता. मॅथ्यू नोबल या इंग्रज शिल्पकाराने तो घडवला होता आणि त्याचा खर्च बडोद्याचे खंडेराव महाराज गायकवाड यांनी सोसला होता. १८७२ साली त्याचे अनावरण झाले, तेव्हा महाराज हयात नव्हते. ऑक्टोबर १८९६ मध्ये एका रात्री कोणी तरी त्या पुतळ्याला डांबर फासले आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली. हे कृत्य चिंचवडच्या चापेकर बंधूंचे होते. रँडच्या वधानंतर पकडले गेलेल्या दामोदर चापेकरांनी तुरुंगात लिहिलेल्या आत्मवृत्तात ते आपले म्हणून नोंदवून ठेवले आहे. १८ एप्रिल १८९८ रोजी त्यांना फाशी झाली.

जोड्यांची माळ काढता आली, डांबर निघेना. संगमरवर म्हणजे रसायनाच्या भाषेत कॅल्शियम कार्बोनेट. आम्लाचा स्पर्श झाला की तो फसफसून विरघळू लागतो, म्हणजे डागाबरोबर राणीचे नाक-डोळेही जायचे. घासावे तर दगडाची झिलई जाते आणि डांबर सूक्ष्म छिद्रांत अधिकच खोल शिरते. अनेकांचे उपाय थकल्यावर हे काम गज्जरांकडे आले. ते तोवर बडोदे सोडून मुंबईच्या विल्सन कॉलेजात प्राध्यापक झाले होते. १८९८ साली त्यांनी तो पुतळा दगडाला धक्का न लावता स्वच्छ केला आणि त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले.

पुढे त्यांनी पिवळ्या पडलेल्या मोत्यांना पुन्हा पाणी आणण्याची कृती शोधली. वरवर पाहता राणीचा पुतळा आणि जव्हेऱ्याचा मोती यांचा काय संबंध? परंतु मोतीही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच! ज्याचा पिंड न दुखवता मळ काढायचा, असा पदार्थ दोन्हीकडे एकच होता. प्लेगच्या साथीत त्यांनी आयोडीनच्या एका संयुगाचा औषध म्हणून प्रयोग केला. गिरगावात त्यांनी टेक्नो-केमिकल लॅबोरेटरी स्थापन करून तरुण रसायनज्ञ घडवले. प्रा. कोटिभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांच्यासह १९०७ साली बडोद्यात जो कारखाना उभा राहिला, तो आपल्या परिचयाचा अलेंबिक. १६ जुलै १९२० रोजी गज्जरांचे निधन झाले.

या चरित्रातील पुतळ्याचा प्रसंग सांगताना मराठी माणसाचे मन जरा अडखळते. एका देशभक्ताने प्राण पणाला लावून जो डाग ठेवला, तो दुसऱ्या देशी माणसाने परक्या सरकारसाठी पुसला, असा विचार मनात येतोच. मला स्वतःला गज्जरांना दोषी ठरवणे पटत नाही. स्वदेशी उद्योगाचा पाया घालणाऱ्या त्या माणसाने देशी रसायनज्ञ कोठेही कमी नाही, हे राज्यकर्त्यांच्या डोळ्यांदेखत सिद्ध केले. पण त्याबरोबर हेही मान्य केले पाहिजे की, त्या डांबरासोबत एक दाखलाही धुऊन निघाला. आज एखाद्या संग्रहालयात असा प्रसंग आला, तर जाणता रसायनज्ञ पुसण्यापूर्वी त्या थराचा कणभर नमुना जपून ठेवील. कारण डाग हीसुद्धा इतिहासाची नोंद असते. तो पुतळा पुढे स्वातंत्र्योत्तर काळात भायखळ्याच्या संग्रहालयाच्या आवारात गेला. त्याच्यावर आता राणीचा इतिहास उरला आहे, चापेकरांचा नाही.

ज्या गुणामुळे डांबर संगमरवरातून निघेना, त्याच गुणावर आजचे पुरातत्त्वीय रसायन उभे आहे. न झिलवलेल्या मातीच्या भांड्याला सूक्ष्म छिद्रे असतात. त्यात शिजवलेल्या अन्नाची चरबी त्या छिद्रांत मुरते आणि हजारो वर्षे तेथेच राहते. कच्छमधील कोटडा भडली या हडप्पाकालीन वसाहतीत मिळालेल्या खापराच्या ५९ तुकड्यांतील अशी चरबी तपासून, तेथील लोक सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी दुधाचे पदार्थ करीत असल्याचे संशोधकांनी २०२० साली दाखवून दिले. आपल्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयातील पुरातत्त्व विभागाचे रसायनज्ञ के. टी. एम. हेगडे यांनी १९८० च्या दशकात ब्रिटिश म्युझियमच्या तज्ज्ञांसह उदयपूरजवळील जावर येथे जस्त गाळण्याच्या जुन्या भट्ट्या उजेडात आणल्या. एकेका भट्टीत ३६ मुशी होत्या. त्या मुशी आणि त्यांच्यातील जळका अवशेष यांच्या परीक्षणातून जस्ताची वाफ करून ती थंड करण्याची प्राचीन कृती उलगडली. ज्या मळाकडे पूर्वी कोणी पाहिले नसते, तोच साक्षीदार ठरला.

याच विश्वविद्यालयात १९४९ नंतर कलाभवन तंत्रविद्येच्या विद्याशाखेच्या रूपाने सामावले गेले. इमारत राहिली, कीर्ती वाढली. परंतु मातृभाषेतून शास्त्र शिकवण्याचा मूळ आग्रह मात्र मागे पडला. मराठीचा अध्यापक या नात्याने मला ही हानी अधिक जाणवते. या शास्त्राला मराठीत शब्द सापडणार नाहीत, असे कोण म्हणेल? दुधाच्या पातेल्याच्या तळाची खरवड, दिव्यावरची काजळी, तेलाच्या बरणीचे किटण, लोखंडाचा गंज, वर्षानुवर्षे चढलेला राप, कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात कळकलेले ताक! भांडे आणि पदार्थ यांच्या दीर्घ सहवासातून काय उरते, याचे किती बारीक वर्गीकरण आपल्या आजी-पणजींनी करून ठेवले आहे. गज्जरांना हवा असलेला कोश स्वयंपाकघरात आणि कारागिराच्या दुकानात पूर्वीपासूनच होता. तो शास्त्राच्या पानावर आणायचा होता.

ते काम अपुरे राहिले आहे. त्या काळातील शास्त्रीय ग्रंथमालांचे जीर्ण, डागाळलेले खंड जुन्या ग्रंथालयांच्या कपाटांतून अजूनही आढळतात. ते रद्दीत न घालता जपणे आणि अधूनमधून उघडून वाचणे, हेच गज्जरांचे खरे स्मारक ठरेल.