डू बॉईस आणि त्यांची आवडती सरकारे

डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस हे नाव आमच्या चळवळीला परके नाही. अमेरिकेतील काळ्यांच्या वतीने युनोकडे गेलेल्या अर्जाच्या प्रती बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहून त्यांच्याकडेच मागितल्या होत्या आणि त्यांनी आपुलकीने उत्तर दिले होते. १८६८ साली जन्मलेला, हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणारा हा पहिला काळा माणूस. १९१० पासून चोवीस वर्षे 'क्रायसिस' मासिक चालवताना गोऱ्या झुंडींनी ठार मारलेल्या काळ्यांचा हिशेब तो मांडत राहिला.

पण हाच माणूस १९३६ साली जपानच्या ताब्यातील मांचुरियात गेला आणि तिथल्या राज्यकारभारावर खूश होऊन परतला. त्याच दौऱ्यात जर्मनीतील ज्यूंचा छळ त्यांना दिसला होता, त्याचा निषेधही त्यांनी केला. म्हणजे नजर अधू नव्हती! जपान मात्र गोऱ्यांना आव्हान देणारा देश होता. १९३७ साली त्याने चीनवर चाल केली तेव्हाही डू बॉईस यांनी दोष युरोपच्या माथी मारला. पुढे १९५३ साली स्टॅलिन मेल्यावर त्यांनी त्याचा गौरव करणारा लेख लिहिला. तोवर लाखो माणसे छावण्यांत गेली होती.

यामागची जखम आम्ही जाणतो. १९५१ साली ऐंशी पार केलेल्या या विद्वानाला अमेरिकन सरकारने परकीय हस्तक ठरवून बेड्या घातल्या. खटल्यात ते निर्दोष सुटले, तरी १९५८ पर्यंत पासपोर्ट मिळाला नाही. ज्या सरकारने आपल्याला छळले, त्याच्या शत्रूंबद्दल त्याच सरकारने सांगितलेले खरे कसे मानायचे? बाबासाहेबांनी हा पेच वेगळा सोडवला. १९५६ साली काठमांडूत मार्क्सचा हेतू मान्य करूनही त्यांनी हुकूमशाही आणि हिंसा नाकारली.

१९५९ साली डू बॉईस यांचा एक्क्याण्णवावा वाढदिवस पेकिंगमध्ये थाटात साजरा झाला. त्या वर्षी चीनच्या खेड्यांत माणसे भुकेने मरत होती. सरकारी पाहुण्याला ती खेडी कोण दाखवणार? आणि त्यांनीही चीनची स्तुतीच केली.

ऑक्टोबर १९६१ मध्ये ते एन्क्रुमांच्या निमंत्रणावरून घानाला गेले. १९५८ च्या कायद्याने तिथे विनाचौकशी पाच वर्षे डांबता येत होते. त्याच महिन्यात घानाच्या स्वातंत्र्यलढ्यातले ज्येष्ठ नेते डांक्वा तुरुंगात गेले. २७ ऑगस्ट १९६३ रोजी डू बॉईस अक्रात वारले. सरकारी इतमामात त्यांचा अंत्यविधी झाला, तेव्हाही तो कायदा लागूच होता.